स्टिअरिंग का थरथरते?

आम्ही चौघांनी मिळून जुनी मोटार घेतली. वेग वाढला की स्टिअरिंग थरथरे. गाडी डावीकडे ओढी. दोनदा अलाइनमेंट केली. पैसे गेले, थरथर राहिली. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी!

मग आम्ही क्रमाने पाहिले. टायरांत हवा सारखी होती. फुगवटा नव्हता. चाकांचे बॅलन्सिंग केले. थरथर थोडीच कमी झाली.

शेवटी मागच्या चाकांना दगड लावले. जॅकने पुढचे चाक उचलले. डावी-उजवी कड धरून हलवले. खटखट वाजले! टाय रॉडचा सांधा झिजला होता. सांधा ढिला असला की अलाइनमेंट टिकत नाही. सांधा निखळला, तर गाडी ताब्यात राहत नाही. जीवाशी गाठ!

सांधा बदलला, मग अलाइनमेंट केली. आता गाडी सरळ धावते.

ध्यानात ठेवू या: आधी सांधा, मग अलाइनमेंट.