राहून गेलेली नोंद

महसूल खात्यात तीस वर्षे कारकुनी केल्यामुळे, दप्तरात एखादी नोंद राहून गेली तर तिचा परिणाम त्या दिवशी नव्हे, तर चार-पाच वर्षांनी, वारसांच्या तक्रारी कचेरीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या म्हणजे कळतो, हे मला पुरते ठाऊक होते. परंतु हाच न्याय माणसाच्या देहासही लागू पडतो, हे समजण्यासाठी मला स्वतःच्या तळपायांतील संवेदना गमवावी लागली.

आमचे धामणगाव बढे हे मोताळा तालुक्यातले, बुलढाणा जिल्ह्याच्या घाटाखालच्या मुलखातले गाव. सेवानिवृत्तीनंतर येथे कायमचा मुक्काम केला, तेव्हा रक्तातील चरबी वाढल्याचे निदान झाले होते. आणि त्याच सुमारास, रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातून निघणारा मिथेन वायू वातावरण तापविण्यास कसा हातभार लावतो, व मांसासाठी पोसलेल्या जनावरांच्या चाऱ्यापायी जगात केवढी जमीन आणि केवढे पाणी खर्ची पडते, हे वाचनात येऊन मन अस्वस्थ झाले. मटण तर सोडलेच, पण दूध, दही, ताकही वर्ज्य केले. "अहो, ताक तं घेत जा, ताकानं कोनाचं काय बिघडलं?" असे घरातून विनवणे झाले, ते मी मानले नाही.

तो निर्णय मुळात चुकीचा होता असे मी आजही म्हणणार नाही. ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी, तिच्यासोबत मिरचीचा ठेचा, तुरीचे वरण, अंबाडी किंवा तांदुळजाची भाजी आणि जवसाची चटणी, एवढे पान वाढले की प्रथिनांची चिंता उरत नाही. कारण ज्वारीत लायसीन नावाचे जे अमिनो आम्ल तोकडे पडते ते उडदात विपुल असते, आणि उडदात जे मेथिओनीन उणे असते ते ज्वारी भरून काढते. आमच्या आज्या-पणज्यांना ही नावे माहीत नव्हती, पण जात्यावर बसताना दोन्ही धान्ये त्यांच्याच हातांनी मिसळली गेली. शिवाय कपाशीच्या ओळींमध्ये पेरलेली तूर आपल्या मुळांवरील गाठींतल्या जिवाणूंच्या साह्याने हवेतील नत्र बांधून घेते, म्हणजे जे पीक माणसाला पोसते तेच जमिनीचेही देणे काही अंशी फेडते. वर्षभरात माझे वजन उतरले, चरबी आटोक्यात आली, आणि गावात मी हा आहार इतरांनाही सांगू लागलो.

चौथ्या वर्षी पायांना मुंग्या येऊ लागल्या. पुढे चालताना पायांखाली जमीन नसून कापसाची गंजी आहे असे वाटे. सकाळी तोंड धुताना डोळे मिटले की तोल जाई. परिचितांची नावे आठवेनात. मी हे सारे वयाच्या खाती टाकले आणि पालेभाज्या अधिकच वाढविल्या. हिमोग्लोबिन तपासले, ते ठीक निघाले, आणि त्या समाधानात आणखी आठ महिने गेले. अखेर जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका वैद्याने ब-१२ जीवनसत्त्वाची तपासणी करविली, तेव्हा ते अत्यल्प निघाले.

हे जीवनसत्त्व केवळ जिवाणूच निर्माण करतात. गाय-म्हैस त्यांना आपल्या पोटात वागविते, वनस्पतींना मात्र त्याची गरजच नसते. पूर्वीच्या आहारातून यकृतात जमलेली शिल्लक कित्येक वर्षे पुरते, म्हणून आवक बंद झाल्याचे कळत नाही. माझ्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली: वाढविलेल्या पालेभाज्यांनीच ही उणीव झाकून ठेवली. १९२८ साली मुंबईस आलेल्या ल्यूसी विल्स या इंग्रज वैद्य स्त्रीने तेथील गरीब गर्भवती स्त्रियांच्या पंडुरोगावर यीस्टच्या अर्काचा गुण सिद्ध केला, व त्यातील द्रव्य पुढे फोलेट म्हणून ओळखले गेले. हेच फोलेट पालेभाज्यांत भरपूर असते. ते रक्त सावरून धरते, पण ब-१२ वाचून होणारी मज्जातंतूंची हानी थांबवू शकत नाही. माझे हिमोग्लोबिन चांगले आले ते यामुळे.

हा प्रश्न माझ्यापुरता असता तर लेखणी उचलली नसती. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील गर्भवतींचा जो दीर्घ अभ्यास १९९३ पासून केला, त्यात सुमारे दोन-तृतीयांश मातांमध्ये ब-१२ कमी आढळले, आणि ज्या मातांत ब-१२ कमी पण फोलेट अधिक, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक दिसली. ही खेडी आपल्यासारखीच भाकरी-भाजी खाणारी आहेत. तेव्हा मांस न खाणाऱ्या, चहापुरतेच दूध घेणाऱ्या घरांनीही आपण सुरक्षित आहोत असे समजू नये. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन, किंवा आम्लपित्तासाठी दीर्घकाळ गोळ्या घेणाऱ्यांत या जीवनसत्त्वाचे शोषण आणखी घटते. स्पिरुलिनावर भिस्त ठेवू नये; त्यातील द्रव्य बहुतांशी नामसाधर्म्याचे आहे, देहाच्या उपयोगाचे नाही. गोळीतील ब-१२ जिवाणूंपासूनच तयार होते, त्यामुळे ज्यांनी प्राणिजन्य अन्न सोडले आहे त्यांच्या व्रतालाही त्याने बाध येत नाही.

इंजेक्शनांनी माझा तोल सावरला, स्मरण परतले. डाव्या पायाच्या बोटांचा बधिरपणा मात्र गेला नाही, आणि आता जाईल असे वैद्यही म्हणत नाहीत. कळण्याची भाकरी मी आजही खातो, मटणाकडे वळलेलो नाही, आणि गोळी चुकवीत नाही. आपल्यापैकी ज्यांनी असा आहार सुरू केला आहे किंवा करणार आहेत, विशेषतः ज्यांच्या घरी सून वा लेक गरोदर आहे, त्यांनी हिमोग्लोबिनवर न थांबता ब-१२ ची तपासणी याच महिन्यात करून घ्यावी आणि वैद्याच्या सल्ल्याने गोळी सुरू करावी, एवढीच माझी कळकळीची विनंती आहे.