पाणचक्की, जातं आणि मार्क्सच्या पाच पायऱ्या

शिक्षक मित्रहो आणि पालकहो, ऐतिहासिक भौतिकवाद हा घटक आला की मुलांच्या वहीत पाच शब्द ओळीने उतरतात : आदिम साम्यवाद, गुलामगिरी, सरंजामशाही, भांडवलशाही, समाजवाद. पेपरात मार्कही मिळतात. पण एक समाज मोडून दुसरा उभा राहतोच का, असं विचारा, वर्ग गप्प. आपण छत्रपती संभाजीनगरात शिकवतो, तेव्हा हा घटक पाणचक्कीपासून सुरू करून बघा.

आधी मार्क्सचं म्हणणं थोडक्यात. अवजारं, कौशल्य आणि माणसाचे श्रम म्हणजे उत्पादनशक्ती. जमीन किंवा यंत्र कोणाचं, राबतं कोण आणि वाटा कोणाला, हे झाले उत्पादनसंबंध. शक्ती वाढत जातात, जुने संबंध त्यांना आवळू लागतात, वर्गसंघर्ष पेटतो आणि समाजाची घडी बदलते. १८४७ मध्ये त्याने दळणाचाच दाखला दिला होता : हाताचं जातं सरंजामदाराच्या समाजाचं, वाफेची गिरणी भांडवलदाराच्या.

आता पाणचक्कीवर या. दूरच्या टेकड्यांकडून नळांतून आणलेलं पाणी खालचं पातं फिरवतं, त्याने वरचा दगड फिरतो. मुलांना विचारा, हेच दळण घरी कोण दळायचं? आजीला विचारून या म्हणावं. पहाटे उठून जात्याला बसणाऱ्या बायकांचा विषय निघाला की 'उत्पादनशक्ती' हा शब्द लगेच कळतो. 'भांडवल' या ग्रंथात मार्क्सने अँटिपेटर या प्राचीन ग्रीक कवीची आठवण काढली आहे. पाण्याची चक्की आली, आता दळणाऱ्या दासींनी निवांत झोपावं, असं त्या कवीला वाटलं होतं.

पुढचा प्रश्न मालकीचा. मध्ययुगीन युरोपात अनेक ठिकाणी गावकऱ्यांना सरंजामदाराच्याच चक्कीवर दळावं लागे आणि त्यातला वाटा द्यावा लागे. आपल्या पाणचक्कीचं पीठ बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातल्या फकिरांसाठी आणि यात्रेकरूंसाठी होतं. यंत्र एकाच जातीचं, संबंध मात्र वेगळे. मग ते धान्य कोणी पिकवलं, हा प्रश्न मुलांकडूनच येऊ द्या. थोडं थांबावं लागतं, पण येतो.

१८८९ मध्ये या शहरात सूत-कापडाची गिरणी निघाली, तिथे ७०० माणसं कामाला होती. १९०० साली रेल्वे आली आणि मागोमाग सरकी काढणारे जिनिंग कारखाने. मजुराकडे विकायला फक्त श्रम. इथे मार्क्स अगदी चपखल बसतो.

पण मुंबईच्या गिरण्यांत काय घडलं तेही सांगा. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, म्हणून विटाळाच्या नावाखाली अस्पृश्य कामगारांना जास्त पगाराच्या विणकाम खात्यात घेत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. यंत्र विलायती, मजुरी रोख, आणि मधे जात तशीच! जात ही नुसती श्रमाची नव्हे, श्रमिकांचीच विभागणी आहे, हे त्यांनी १९३६ मध्ये मांडलं. माझ्या मते या घटकातला सगळ्यात महत्त्वाचा तास हाच, आणि नेमका तोच वेळेअभावी राहून जातो.

पाच पायऱ्यांची पक्की यादी स्टालिनच्या १९३८ च्या लेखनाने रूढ केली. खुद्द मार्क्सने १८५९ मध्ये आशियाई उत्पादनपद्धती वेगळी नोंदवली होती. आपले दामोदर धर्मानंद कोसंबी स्वतः मार्क्सवादी, तरी ग्रीस-रोमसारखी गुलामगिरीची पायरी भारतात आली असं त्यांनी मानलं नाही. १९५६ च्या त्यांच्या ग्रंथात भर आहे तो नांगर, व्यापारी मार्ग आणि जमातींचं जातींत रूपांतर यांवर. तेव्हा उत्तरपत्रिकेत एखाद्या मुलाने 'ही पायरी इथे बसत नाही' असं कारणासह लिहिलं, तर मार्क कापू नका.

पालकांसाठी एक काम : रविवारी मुलाला पिठाच्या गिरणीवर पाठवा आणि तीन गोष्टी लिहून आणायला सांगा. यंत्र कोणाचं, चालवतं कोण, आणि किलोमागे मिळालेले पैसे कुठे कुठे जातात. सोमवारी फळ्यावर तेवढंच घ्या.