सुरीच्या आधी मोरी

आखाड लागला की गावरान कोंबडीला मागणी वाढते. आमच्या आजरा भागात पावसाचा जोरही तेव्हाच. घरी कोंबड्या साफ करून विकणाऱ्याची खरी परीक्षा याच दिवसांत होते.

आमच्या परसात मिस्त्रीनं बांधलेली जागा दिसायला छान होती. पत्र्याचं छप्पर, कडाप्प्याचा ओटा, नळ. शोषखड्डा मात्र त्यानं विहिरीच्या वरच्या अंगाला खणला. जोराचा पाऊस झाला, जमीन पाणी पिईना आणि रक्तापिसांचं पाणी उलटं फिरून मोरीतून वर आलं. दोन दिवसांत विहिरीच्या पाण्याला वास सुटला. विहीर उपसून टीसीएल टाकेपर्यंत प्यायचं पाणी वरच्या वाडीतून घागरींनी आणावं लागलं. घरात सासूबाई आजारी, पदरात लहान मूल. ते दिवस विसरता येत नाहीत.

म्हणून कुणी विचारलं की मी सुऱ्यांचं नंतर सांगते. आधी पाणी कुठं जाणार ते ठरवा. शोषखड्डा विहिरीच्या उतारावर, निदान पन्नास फूट लांब हवा. फरशीला एका बाजूला चांगला उतार द्या, बादलीभर पाणी ओतून बघा आणि मगच मिस्त्रीचे पैसे चुकते करा. मोरीच्या तोंडाला जाळी लागतेच, नाहीतर पिसांनी पाइप तुंबतो. रक्त मोरीत सोडूच नका. बादलीत धरा आणि आतडी-पिसांबरोबर खोल खड्ड्यात पुरा. वर चुना आणि भरपूर माती टाका. माती कमी पडली की रात्री कुत्री उकरतात.

आता जागेची मांडणी. पिसं काढायची बाजू आणि पोट फाडायची बाजू वेगळी ठेवा. एकाच ओट्यावर दोन्ही केलं की पिसांची, विष्ठेची घाण मांसाला लागते. आदल्या रात्रीपासून कोंबडीला दाणा देऊ नका, पाणी मात्र द्या. आतडी रिकामी असली की फाटली तरी घाण कमी होते. पिसं काढायला उकळतं पाणी नको, कातडी शिजून फाटते. साधारण साठ अंशांच्या पाण्यात मिनिटभर बुडवून पंखाचं मोठं पीस ओढून बघायचं. अलगद हातात आलं की बाहेर काढा. बंबाच्या पाण्यावर अंदाज चालत नाही, थर्मामीटर घ्या. पित्ताची पिशवी कलेजीला चिकटलेली असते. तिथं घाई नको, ती फुटली तर कलेजी कडू होते.

साफ झालेली कोंबडी लगेच बर्फाच्या पाण्यात गेली पाहिजे. बर्फाची सोय नसेल त्या दिवशी ऑर्डर घेऊ नका, गिऱ्हाईक कितीही जवळचं असो.

विकायचं असेल तर अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. २०११ च्या नियमांत दिवसाला पन्नास कोंबड्यांपर्यंत कापणाऱ्याला छोट्या व्यावसायिकात धरलं आहे. नोंदणी करताना ग्रामपंचायतीलाही आधीच विचारून ठेवा.

आणि मेलेली किंवा मरगळलेली कोंबडी ओट्यावर आणायचीच नाही. २००६ साली नंदुरबारच्या नवापुरात बर्ड फ्लू आला, तेव्हा तिथल्या कुक्कुटपालकांचं किती नुकसान झालं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. एकदम दोन-चार पक्षी मेले तर हात लावण्याआधी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.