सॅन फ्रान्सिस्को किती तासांवर?

एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान सुरुवातीला अटलांटिकवरून जायचं. अंतर सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने ते पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर वाढून १५,३०० किलोमीटर झालं, वेळ मात्र दोनेक तासांनी घटून साडेचौदा तासांवर आला. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे आता विमानाच्या पाठीशी होते. मुंबईहून लंडनला जाताना जास्त वेळ लागतो आणि येताना कमी, तोही याच वाऱ्यांमुळे.

लेकाकडे पहिल्यांदाच निघालेल्या आमच्या सोसायटीतल्या काका-काकूंचा हिशेब सरळ होता. अंतर भागिले ताशी नऊशे किलोमीटर, म्हणजे पंधरा तास. मुंबई–दिल्ली एका तिकिटावर, पुढचा प्रवास वेगळ्या कंपनीच्या तिकिटावर, मध्ये तीन तास. डिसेंबरातल्या धुक्याने दिल्लीची विमानं रखडली आणि ते तीन तास मुंबईतच संपले. दिल्लीला उतरून, पट्ट्यावरून बॅगा उचलून ते पुढच्या काउंटरवर पोचले तेव्हा चेक-इन बंद झालं होतं. वेगळं तिकीट असल्याने दुसऱ्या कंपनीच्या लेखी हे प्रवासी आलेच नव्हते. त्यात काकूंच्या रक्तदाबाच्या गोळ्या मोठ्या बॅगेच्या तळाशी. काकांनी तिथेच फरशीवर बॅग उघडली. स्वेटर, मेतकूट, चकल्यांचा डबा, सगळं बाहेर काढल्यावर गोळ्या सापडल्या. सत्तरीतल्या माणसांवर ही वेळ येऊ नये असं मला मनापासून वाटतं, आणि ती टाळता येते.

आई-वडिलांचं तिकीट बहुतेक घरांत मुलंच काढतात. त्यांनी थोडे पैसे जास्त गेले तरी सगळा प्रवास एकाच पीएनआरवर घ्यावा. मग पहिलं विमान उशिरा आल्याने दुसरं चुकलं, तर पुढच्या विमानात बसवून देण्याची जबाबदारी कंपनीची असते. वेगळी तिकिटं घेणं भागच असेल, तर आदल्या दिवशी दिल्ली गाठून मुक्काम करावा. टर्मिनलही पाहून ठेवावं: दिल्लीत टर्मिनल १ वरून टर्मिनल ३ ला रस्त्यानेच जावं लागतं आणि त्यात बराच वेळ मोडतो.

अमेरिकेत आणखी एक टप्पा असतो. न्यूयॉर्कला उतरून शिकागोला जायचं असेल, तर इमिग्रेशनची रांग न्यूयॉर्कलाच लागते. तिथेच बॅगा घेऊन, कस्टम्समधून जाऊन त्या पुन्हा जमा कराव्या लागतात. अबू धाबीहून थेट अमेरिकेला जाणाऱ्यांची ही तपासणी बहुधा अबू धाबीतच उरकते. वयस्कर प्रवाशांना ते सोयीचं पडतं. व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवावी, त्यात संकोच कसला?

हवाई हद्दींचाही भरवसा धरू नये. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना वळसा पडला आणि काहींना इंधनासाठी वाटेत उतरावं लागलं. म्हणून निघण्याच्या आठवड्यात वेळापत्रक पुन्हा तपासावं.

जागा कडेची घ्यावी, म्हणजे शेजाऱ्याला न उठवता अधूनमधून चालता येतं. तासन्‌तास बसून पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. औषधं, त्यांची चिठ्ठी आणि लेकाच्या घरचा पत्ता हातातल्या पिशवीत ठेवावा. परतीच्या वेळी तारीख नीट पाहावी: सॅन फ्रान्सिस्कोहून सोमवारी रात्री निघालेलं विमान दिल्लीत बुधवारी पहाटे उतरतं, आणि पुढचं मुंबईचं तिकीट त्या बुधवारचं हवं.