मारिनोचा घोडा पुण्यात आणायचा तर

शिवाजीनगरच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातला अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा बहुतेक पुणेकरांनी पाहिलेला असतो. नानासाहेब करमरकरांनी घडवलेला हा पुतळा १९२८ साली उभा राहिला. घोडा आणि स्वार यांचा एकच तोल, एकच रोख. पुढच्या दशकात इटलीत मारिनो मारिनी (१९०१–१९८०) याच विषयाकडे वळला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच्या स्वाराचा तोल सुटत गेला. घोडा मान ताणून थबकलेला, स्वार मागे कलंडलेला किंवा कोसळण्याच्या बेतात. १९५२ साली व्हेनिसच्या बिएनालेत त्याला शिल्पकलेचे मोठे पारितोषिक मिळाले. त्याचे मोठे ब्राँझ लिलावात कोट्यवधी रुपयांना जाते, हातभर उंचीचे छोटेसुद्धा मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यात नाही. पण मारिनीने आयुष्यभर लिथोग्राफ आणि एचिंग ही छापचित्रेही केली, आणि ते कागद पुण्यातल्या नोकरदाराला खरोखर घेता येतात. असा कागद घरी आणायचा एकूण खर्च किती, हे आधी समजून घ्या. बोली लावण्याचा विचार नंतर.

मारिनीचे स्वाक्षरी केलेले, क्रमांक घातलेले लिथोग्राफ युरोपातल्या लिलावांत साधारण काहीशे युरोंपासून तीन-चार हजार युरोंपर्यंत जातात. रंगीत, मोठ्या आकाराचे, घोडा-स्वार असलेले चित्र महाग, आणि काळ्या शाईतले छोटे एचिंग स्वस्त. यापेक्षाही कमी खर्चाची एक वाट आहे. पॅरिसच्या ‘व्हँतिएम सिएक्ल’ या कलानियतकालिकात त्या काळच्या मोठ्या कलावंतांचे मूळ लिथोग्राफ आत बांधून येत. त्यांत मारिनीचेही होते. त्यावर पेन्सिलची सही नसते, क्रमांक नसतो, प्रती भरपूर असतात, म्हणून भाव सहीच्या प्रतीच्या कितीतरी खाली असतो. भिंतीवर मारिनीची रेषा हवी आणि पुढे विकायचा विचार नसेल, तर मी हाच कागद घ्यायला सांगेन. मात्र विक्रेता त्याला ‘सही केलेला’ म्हणत असेल तर तिथेच थांबा.

आता हिशेब. समजा, बोली १,००० युरोला लागली. सोपे जावे म्हणून युरो १०० रुपये धरू, म्हणजे १,००,०००. लिलावगृहाचे ग्राहकशुल्क परदेशात बहुधा पंचवीस टक्क्यांच्या वर असते. २७ टक्के धरले तर २७,०००. नळकांड्यात घालून विम्यासह कुरियर साधारण १५,०००. माल मुंबईत उतरताना किंमत झाली १,४२,०००. मूळ छापचित्रांच्या शीर्षकाखाली १० टक्के आयात शुल्क आणि त्यावरचा समाजकल्याण अधिभार मिळून ११ टक्के धरा, म्हणजे १५,६२०. मग या सगळ्यावर ५ टक्के जीएसटी, ७,८८१. कलावस्तूंवरचा हा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला. बँकेचे कार्ड वापरले तर परकीय चलनाचा अधिभार साधारण ५,०००. कस्टम्स सोडवण्याचे कुरियरचे शुल्क ३,०००. पुण्यात नीट फ्रेम करायला १०,०००. बेरीज सुमारे १ लाख ८३ हजार. कुरियर, सोडवणूक आणि फ्रेम यांचे आकडे मी अंदाजाने धरले आहेत, पण प्रमाण असेच राहते. म्हणून बजेट दोन लाखांचे असेल, तर बोली एक लाखाच्या फार पुढे नेऊ नका.

यातला सर्वांत धोक्याचा टप्पा कस्टम्सचा. कुरियरने आलेले पार्सल ‘व्यक्तिगत वापराचा माल’ या शीर्षकात टाकले गेले, तर कर बराच चढा लागतो. म्हणून बिलावर ‘ओरिजिनल लिथोग्राफ’ हे शब्द, कलावंताचे नाव, वर्ष, आवृत्ती आणि ९७०२ हा शीर्षक क्रमांक विक्रेत्याकडून स्पष्ट लिहून घ्या. पैसे पाठवण्याआधी कस्टम्स एजंटला बिलाचा मसुदा दाखवा आणि त्या दिवशीचा दर लेखी घ्या. किंमत कमी दाखवून पाठवतो, असे विक्रेता म्हणाला तर नको म्हणा. वाटेत नुकसान झाले तर विमा त्याच कमी किमतीवर मिळतो, आणि पुढे विकताना खरेदीचा पुरावा तेवढाच उरतो.

आणखी दोन खर्च कोणी आधी सांगत नाही. कलावंताच्या मृत्यूनंतर ७० वर्षे पुनर्विक्रीचा हक्क युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये चालतो, म्हणजे मारिनीच्या बाबतीत तो लागू आहे. ठरावीक किमतीच्या वर हे हक्कशुल्क आकारले जाते, आणि ब्रिटिश लिलावगृहे ते बहुतेक वेळा ग्राहकाच्या बिलात घालतात. दुसरे म्हणजे इटलीतून जुनी कलाकृती बाहेर काढायला तिथल्या सांस्कृतिक खात्याचा परवाना किंवा स्वयंघोषणा लागते. ते काम विक्रेत्याचे आहे, हे बिलावरच लिहून घ्या.

खरे-खोटे तपासताना सहीच्याही आधी कागद पाहा. दहापट भिंग घ्या. रंगाचे समान अंतरावरचे ठिपके दिसले तर ते ऑफसेटचे पोस्टर आहे, मग खाली कितीही सुंदर सही असो. मूळ लिथोग्राफमध्ये दाणेदार, अनियमित शाई दिसते. एचिंगमध्ये तांब्याच्या पत्र्याची कड कागदात दबलेली असते, बोट फिरवले तरी कळते. डावीकडे पेन्सिलने ‘१२/७५’ असे काही असेल तर ७५ प्रतींतली बारावी. त्याऐवजी ‘ई.ए.’ किंवा इटालियन ‘पी.डी.ए.’ असेल तर ती कलावंताची राखीव प्रत. मारिनीच्या छापचित्रांची संपूर्ण यादी जोर्जो ग्वास्ताल्ला याने छापली आहे, आणि प्रामाणिक विक्रेता तिच्यातला क्रमांक आपणहून देतो. क्रमांक नसेल, तर मागा. ब्राँझ विकत घेणारे थोडेच असतील. त्यांनी ओतकारखान्याचा शिक्का आणि प्रतिक्रमांक पाहावा, आणि पिस्तोइयाच्या मारिनो मारिनी फाउंडेशनला विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

इटलीपर्यंत न जाताही मारिनीच्या जवळ पोचता येते, आणि माझ्या मते मराठी संग्राहकाने आधी ही वाट पाहावी. कृष्णा रेड्डी (१९२५–२०१८) शांतिनिकेतनात शिकले, पुढे मिलानमध्ये मारिनीकडे शिल्प शिकले आणि पॅरिसच्या ‘अतेलिए १७’ या छापचित्र कार्यशाळेत आयुष्याचे मोठे काम उभे केले. एकाच पत्र्यावर वेगवेगळ्या दाटपणाच्या शाया आणि कडक-मऊ रोलर वापरून अनेक रंग एकाच दाबात छापण्याची पद्धत त्यांनी तिथे सहकाऱ्यांबरोबर विकसित केली. त्यांचा पत्रा शिल्पासारखाच खोदलेला असतो. उंच-सखलपणातूनच रंग वेगळे पडतात. त्यांचे काम भारतातल्या लिलावांत नियमित येते. भाव लाखांत असतो, पण आयात शुल्क नाही, परकीय चलन नाही, आणि मुंबईत जाऊन कागद हातात घेऊन पाहता येतो. ग्राहकशुल्क भारतातही लागते आणि जीएसटीही, तेव्हा बोली लावण्याआधी अटींचे पान नीट वाचा. छापचित्र आणि शिल्प दोन्ही तितक्याच ताकदीने करणारे दुसरे नाव म्हणजे सोमनाथ होर.

हातात दहा-पंधरा हजारच असतील, तर कला महाविद्यालयांची वार्षिक प्रदर्शने गाठा. पुण्यात टिळक रस्त्यावरचे अभिनव कला महाविद्यालय आहे, मुंबईत सर ज. जी. कला महाविद्यालय आहे. विद्यार्थ्याचे उत्तम एचिंग काही हजारांत मिळते आणि कलावंताशी थेट बोलता येते. बालगंधर्व रंगमंदिराच्या आणि घोले रस्त्यावरच्या राजा रवी वर्मा कलादालनात छापचित्रांचे प्रदर्शन लागले की सोडू नका. बडोद्याची ‘छाप’ ही संस्थाही छापचित्रांसाठीच काम करते.

जुन्या पुणेरी छापाचे आकर्षण वेगळे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ साली उभारण्यात पुढाकार घेतलेल्या चित्रशाळेने ‘रामपंचायतन’ आणि नाना फडणवीसांचे चित्र घराघरांत नेले. रवी वर्मा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, नंतर तो लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला. हे कागद बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात अजूनही दिसतात, आणि त्यांच्या नव्या ऑफसेट नकला त्याहून जास्त दिसतात. इथेही भिंगच उपयोगी. कायद्याची बाजू लक्षात ठेवा. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते. तिचा व्यापार परवानाधारकच करू शकतो आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतल्या मुलाला भेट म्हणून आजोबांच्या देवघरातले चित्र पाठवायचे असेल, तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी करा.

फ्रेम आणि पावसाळा, या दोन गोष्टींवर पैसे वाचवू नका. पुण्यातल्या बहुतेक फ्रेमवाल्यांकडे मागे हार्डबोर्ड किंवा एमडीएफ लावण्याची सवय आहे. त्याचे आम्ल चार-पाच वर्षांत कागद तपकिरी करते. आम्लविरहित माउंट आणि पाठबोर्ड मागा. काच कागदाला टेकलेली नको, मध्ये माउंटचे अंतर हवे. कुठेही सेलोटेप लावू देऊ नका. अतिनील किरण अडवणारी काच किंवा अ‍ॅक्रिलिक महाग पडते, पण दक्षिणेच्या खिडकीसमोर ती नसेल तर लिथोग्राफचा लाल रंग आधी उडतो. जून ते सप्टेंबर बाहेरच्या, ओल येणाऱ्या भिंतीवर चित्र लावू नका. एखादा साधा आर्द्रतामापक ठेवा, ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता असली की बरे. कागदावर तपकिरी ठिपके दिसले तर घरी पुसू नका. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्रात बाहेरची कामेही घेतात.

घराचा विमा असेल तर चित्रे त्यात आपोआप येत नाहीत. ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत मौल्यवान वस्तू आणि कलाकृतींसाठी वेगळे ऐच्छिक संरक्षण घ्यावे लागते.

विकायची वेळ आली तर आयकर खाते चित्र, शिल्प, कलाकृती यांना भांडवली मालमत्ता मानते. २४ महिन्यांनंतर विकल्यास नफ्यावर १२.५ टक्के दीर्घकालीन कर आहे आणि महागाईची वजावट मिळत नाही. खरेदीची पावती, कस्टम्सची भरणा पावती, सत्यता प्रमाणपत्र आणि फ्रेम करण्यापूर्वी काढलेले दोन्ही बाजूंचे फोटो एका फाइलमध्ये ठेवा, आणि ती फाइल घरातल्या निदान एका माणसाला दाखवून ठेवा.