रक्ताचा वारसा

प्रस्तावना

१९४७ च्या फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि भारतातील पंजाबसाठी चंदीगड ही नवी राजधानी वसवण्यात आली. पश्चिम पंजाबातून आलेली असंख्य कुटुंबे या परिसरात स्थिरावली. घरदार मागे राहिले. भाषा आणि चालीरीती सोबत आल्या. त्यांच्याबरोबर डोळ्यांना न दिसणारा आणखी एक वारसा आला. तो होता थॅलेसेमिया या रक्तविकाराच्या जनुकाचा.

वाहक आणि रुग्ण

तांबड्या रक्तपेशींतील हिमोग्लोबिन शरीरभर प्राणवायू पोहोचवते. ते कसे तयार करावे, याची सूचना जनुकांत चार रासायनिक अक्षरांच्या लिपीत असते. या लेखनात होणारा कायमचा बदल म्हणजे उत्परिवर्तन होय. अशा बदलामुळे हिमोग्लोबिनचा ‘बीटा साखळी’ हा घटक कमी तयार झाला किंवा मुळीच तयार झाला नाही, तर बीटा थॅलेसेमिया होतो.

या जनुकाची एक प्रत आईकडून, तर दुसरी वडिलांकडून मिळते. एकच प्रत सदोष असलेली व्यक्ती ‘वाहक’ असते. ती सामान्यतः निरोगी आयुष्य जगते. मात्र पती आणि पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के असते. गंभीर आजार असलेल्या मुलास साधारणतः दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. त्या रक्तातील लोह हृदयात व यकृतात साचते. ते काढण्यासाठी वेगळी औषधे घ्यावी लागतात.

आजार एक, त्रुटी अनेक

बीटा थॅलेसेमियास कारणीभूत होणारी तीनशेहून अधिक उत्परिवर्तने जगात ज्ञात आहेत. परंतु प्रत्येक समाजात त्यांपैकी मोजकीच वारंवार आढळतात. भारतात सर्वाधिक आढळणाऱ्या त्रुटीत केवळ एक अक्षर बदललेले असते. पंजाबी व सिंधी कुटुंबांत आढळणाऱ्या दुसऱ्या एका त्रुटीत ६१९ अक्षरांचा सलग तुकडाच गळालेला असतो. फाळणीनंतर उल्हासनगरात वसलेल्या सिंधी समाजातही या आजाराचे प्रमाण अधिक आहे. विदर्भात व नंदुरबार परिसरात याच जनुकातील वेगळ्या बदलामुळे पेशींना विळ्याचा आकार देणारा सिकलसेल आजार दिसतो.

ही त्रुटी काही प्रदेशांत इतकी का टिकली? वाहकांना गंभीर हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते, हे त्याचे कारण होय. हा विचार शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ मध्ये मांडला. पुढे ते भारतात स्थायिक झाले. समाजांतर्गत विवाहांमुळेही त्या त्या त्रुटी त्या त्या समाजात राहिल्या.

ज्ञानाचा उपयोग

चंदीगडच्या पीजीआय या १९६२ मध्ये सुरू झालेल्या संस्थेत या विकारांवर उपचार व संशोधन होते. कुटुंबाचे मूळ ठाऊक असल्यास प्रयोगशाळेला कोणती त्रुटी आधी शोधावी, हे ठरवता येते. दोन्ही पालकांतील त्रुटी सापडली, की गर्भाची तपासणी तिसऱ्या महिन्याच्या सुमारास करता येते.

मूल आजारी जन्मले, की अनेकदा बोल आईला लावला जातो. विज्ञान सांगते, की या आजारात सदोष प्रत आई आणि वडील या दोघांकडूनही आलेली असते. वाहक असणे हा कलंक नव्हे. ते पूर्वजांच्या प्रवासाचे चिन्ह आहे. विवाहापूर्वी किंवा गर्भधारणेपूर्वी केलेली रक्ततपासणी येणाऱ्या पिढीचे दुःख टाळू शकते.

शब्दार्थ

उत्परिवर्तन – जनुकातील कायमचा बदल
हिवताप – मलेरिया
बोल लावणे – दोष देणे

पाठगत प्रश्न

१. वाहक आणि रुग्ण यांतील फरक स्पष्ट करा.
२. कुटुंबाचे मूळ ठाऊक असल्याचा तपासणीस कोणता उपयोग होतो?
३. ‘वाहक असणे हा कलंक नव्हे’, या विधानाविषयी तुमचे मत पाच-सहा ओळींत लिहा.