यकृत व पित्तमार्गाचा कर्करोग : भोपाळच्या नोंदणीपासून घ्यावयाचा बोध

भोपाळ येथे २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू बाहेर पडला आणि हजारो नागरिक मृत्युमुखी पडले. वाचलेल्यांच्या डोळ्यांवर व फुफ्फुसांवर झालेले परिणाम तत्काळ दिसून आले. परंतु कर्करोग शरीरात वर्षानुवर्षे गुप्तपणे वाढतो. तो वायुग्रस्तांत अधिक प्रमाणात उद्भवेल काय, या प्रश्नाचे उत्तर केवळ अंदाजाने देता येण्यासारखे नव्हते. त्यासाठी शिस्तबद्ध मोजणी आवश्यक होती.

नोंदणी कशासाठी?

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमांतर्गत १९८६ साली भोपाळच्या गांधी वैद्यकीय महाविद्यालयात नोंदणी केंद्र सुरू झाले. अशा केंद्राचे कर्मचारी रुग्णालये, प्रयोगशाळा व मृत्युनोंदणी कार्यालये येथून शहरातील प्रत्येक नव्या रुग्णाचे वय, लिंग, राहण्याचा भाग व रोगग्रस्त अवयव यांची माहिती गोळा करतात. एकच रुग्ण दोनदा मोजला जाऊ नये म्हणून नोंदी परस्परांशी ताडून पाहिल्या जातात. यामुळे वायुग्रस्त व अन्य वस्त्यांची तुलना शक्य झाली. तथापि, केवळ वस्ती पाहून रोगाचे कारण ठरविता येत नाही. वय व व्यसने यांचाही विचार करावा लागतो. भोपाळमधील रुग्णांच्या आधारे २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने तोंड, घसा व फुफ्फुसे यांच्या कर्करोगाचा तंबाखूशी असलेला संबंध स्पष्ट केला.

महाराष्ट्रालाही हे कार्य अपरिचित नाही. मुंबईत १९६३ पासून, तर सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ पासून ग्रामीण भागासाठी अशी नोंदणी चालू आहे.

यकृताच्या बाबतीत नोंद करताना विशेष दक्षता घ्यावी लागते. आतडे, जठर इत्यादी अवयवांचा कर्करोग पसरून यकृतात येतो, तेव्हा त्याची नोंद मूळ अवयवाखाली होते. यकृतातच उगम पावलेला रोग निराळा, आणि त्याची कारणेही निराळी असतात.

कारणे कोणती?

यकृताच्या कर्करोगाचे एक प्रमुख कारण म्हणजे 'ब' व 'क' प्रकारच्या काविळीचे विषाणू. दूषित रक्त, इतरांसाठी वापरलेल्या सुया, असुरक्षित शरीरसंबंध आणि बाळंतपणात मातेकडून बालकाकडे, असा त्यांचा प्रसार होतो. जन्माच्या वेळी 'ब' विषाणूची लागण झालेल्या शंभर बालकांपैकी सुमारे नव्वद बालकांच्या शरीरात तो कायम राहतो. प्रौढपणी लागण झाल्यास हे प्रमाण शेकडा पाचांहूनही कमी असते. अर्थात पहिल्या दिवशी शिरलेला विषाणू तीसचाळीस वर्षांनी कर्करोगास कारणीभूत ठरू शकतो. मद्यपान, अतिस्थूलता, मधुमेह तसेच बुरशी लागलेला भुईमूग व मका यांतील अफ्लाटॉक्सिन हे विष यांमुळेही यकृतास धोका पोहोचतो.

पित्ताशयाचा कर्करोग उत्तर व मध्य भारतात दक्षिणेपेक्षा अधिक, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो. त्यातील बहुसंख्य रुग्णांच्या पित्ताशयात खडे असतात. खडे असलेल्या प्रत्येकास कर्करोग होतो असे मात्र नाही.

प्रतिबंधाचा पुरावा

तैवानमध्ये १९८४ साली नवजात बालकांना 'ब' काविळीची लस देण्यास प्रारंभ झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांतील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण १९८१ ते १९८६ या काळात दर लाखास ०.७० होते, ते १९९० ते १९९४ या काळात ०.३६ वर आले. लसीने कर्करोग टाळता येतो, हे त्यामुळे सिद्ध झाले. भारतात ही लस २००२-०३ मध्ये निवडक ठिकाणी व २०११ मध्ये देशभर नियमित लसीकरणात आली. पहिली मात्रा जन्मापासून चोवीस तासांच्या आत, व पुढील मात्रा सहा, दहा आणि चौदा आठवड्यांनी द्यावयाच्या असतात. 'क' काविळीवर लस नाही. परंतु साधारण बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेक रुग्ण बरे होतात. राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रमात २०१८ पासून तपासणी व औषधे विनामूल्य उपलब्ध आहेत.

वेळीच निदान

शांघाय येथे 'ब' विषाणूबाधित अथवा दीर्घकालीन यकृतदाहाच्या १८,८१६ व्यक्तींचे दोन गट करण्यात आले. एका गटाची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी व रक्ततपासणी करण्याचे ठरले. त्यातील साठ टक्क्यांहूनही कमी तपासण्या प्रत्यक्षात पार पडल्या. तरीही या गटातील यकृताच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३७ टक्क्यांनी कमी झाल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले. यकृत आकसून कठीण झालेल्या अथवा 'ब' विषाणू दीर्घकाळ शरीरात असलेल्या व्यक्तींनी वैद्यकीय सल्ल्याने अशी नियमित तपासणी करून घ्यावी.

आपले कर्तव्य

खेड्यापाड्यांतून कावीळ 'उतरवून' घेण्याची प्रथा अद्याप आढळते. न दुखता वाढत जाणारी कावीळ, अंगाला खाज, गडद लघवी व पांढुरका शौच ही पित्तमार्ग अवरुद्ध झाल्याची लक्षणे होत. अशा वेळी मंत्र वा माळा यांत गेलेले आठवडे शस्त्रक्रियेची संधी हिरावून घेऊ शकतात. रुग्णास विनाविलंब प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.

गरोदर मातेची 'ब' काविळीची तपासणी आणि बाळंतपण रुग्णालयात होईल, याकडे आरोग्य सेविका व आशा कार्यकर्तींनी लक्ष द्यावे. शिक्षकांनी लसीचे महत्त्व पालकसभेत समजावून सांगावे. ग्रामसेवकांनी मृत्यूची नोंद करताना कारण अचूक लिहिले जाईल, याची काळजी घ्यावी. भोपाळ असो वा बार्शी, दूरच्या केंद्रातील आकडा अखेर गावातल्या या नोंदीवरच उभा असतो. तो आकडा खरा असेल, तरच उपाययोजना योग्य ठिकाणी पोहोचेल.